समुद्रकाठचा रस्ता घाटापेक्षा जड का?

प्रश्न : मी दर रविवारी वाईहून पसरणी घाट चढून सायकलने पाचगणीला जातो. घाटाची भीती आता राहिलेली नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही तिघे मित्र सायकलींवर सामान लादून गुहागरहून रत्नागिरीला निघालो. अंतर शंभर किलोमीटरच्या आत, रस्ता समुद्राच्या कडेकडेचा. वाटलं होतं, दुपारपर्यंत पोचू. पोचलो अंधार पडल्यावर, आणि पायांत त्राण उरलं नव्हतं. घाट चढणाऱ्या माणसाला समुद्रकाठ जड का जावा? चढ लागले तसे उतारही लागलेच ना, मग चढात घातलेलं बळ उतारात परत का मिळत नाही? पुढच्या हिवाळ्यात रेवसपासून रेडीपर्यंत सगळा किनारा करायचा आहे. जमेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जमेल, आणि जरूर करा. पण त्याआधी कोकणचा किनारा आहे कसा, हे समजून घेऊ. ते समजलं की चढ तेवढेच राहतात, पण त्यांच्यावर चिडायला होत नाही.

समुद्रकाठ म्हटलं की डोळ्यांसमोर पुळण येते. वाळू, माडांची रांग, सखल जमीन. अलिबागपासून मुरूडपर्यंत बऱ्याच अंशी ते खरंही आहे. कोर्लई-काशीदच्या आसपासचे चढ सोडले तर रस्ता समुद्राला धरून चालतो. श्रीवर्धन ओलांडून बाणकोटच्या खाडीपलीकडे गेलात की चित्र पालटतं. तिथून दक्षिणेला किनारा म्हणजे एक मोठा दगडी पाट आहे. तो समुद्रातून सरळ उभा राहतो आणि वर पोचल्यावर कित्येक किलोमीटर सपाट पसरतो. यालाच तिकडची माणसं सडा म्हणतात. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती पाहिला असेल, तर हा कडा काय चीज आहे ते तुमच्या पिंडऱ्यांना ठाऊक असेल.

सडा झाला कसा? सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांच्या माऱ्याखाली तो लाखो वर्षं कुजत राहिला. पाण्याने त्यातली सिलिका विरघळवून नेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडं मागे राहिली. तोच तांबडा, भोकाभोकांचा जांभा. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणून तर चिरेखाणीतून कापलेल्या चिऱ्यांवर कोकणातली घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. पुढे किनाऱ्याची ही पट्टी उचलली गेली आणि सह्याद्रीतून धावत येणाऱ्या नद्यांनी ती आरपार चिरली. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा नद्यांनी आणखी खोल कापलं. मग बर्फ वितळलं, समुद्र वर आला आणि नद्यांच्या दऱ्यांत शिरला. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण : या प्रत्येकीच्या मुखाशी आज जी रुंद खाडी दिसते, ती बुडालेली दरी आहे.

आता तुमचा रस्ता या नकाशावर ठेवा. सगळ्या नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे येतात आणि तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेले. म्हणजे प्रत्येक दरी तुम्हाला आडवी ओलांडायची आहे. सड्याच्या माथ्यावरून खाडीच्या पाण्यापर्यंत उतरायचं, पलीकडच्या सड्यावर चढायचं, थोडं सपाट चालायचं, पुन्हा उतरायचं. मोठ्या खाड्यांच्या अधेमधे लहान ओढ्यांच्या दऱ्या आहेतच. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ ही सगळी गावं खाली, पाण्याला आणि मातीला धरून वसलेली. सड्यावर विहिरीला पाणी लागत नाही आणि माडाला माती मिळत नाही, म्हणून माणूस खालीच राहिला. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचा. एकटा घेतला तर काहीच नाही, पण दिवसभरात असे सहा-सात झाले की पसरणी घाट तुमच्या नकळत मागे पडलेला असतो.

पसरणी घाट वाईपासून पाचगणीपर्यंत सुमारे बारा किलोमीटरांत पावणेसहाशे मीटर चढतो. म्हणजे शंभर मीटर चालीला सरासरी पाच मीटर चढ. जुन्या घाटरस्त्यांची आखणी लादलेल्या बैलगाडीला झेपेल अशी केलेली असे, त्यामुळे चढ लांबलचक पण एकसारखा मिळतो. एकदा गिअर आणि श्वास यांचा मेळ बसला की वरपर्यंत तीच लय चालते. कोकणातल्या गावरस्त्यांना ही सोय नाही. त्यांतले कित्येक जुन्या पायवाटांच्या आणि पाखाड्यांच्या मार्गावर आलेले आहेत. माणूस डोक्यावर भारा घेऊन जिथून सरळ चढत होता, तिथूनच डांबर वर गेलं. चढ आखूड आणि खडा. लय बसेपर्यंत माथा येतो, आणि माथ्यावर श्वास जागेवर येईतो उतार सुरू होतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, उतारात बळ परत का मिळत नाही. हा फार चांगला प्रश्न आहे. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून वजन १०० किलो धरू. ते १०० मीटर उंच न्यायला सुमारे ९८ किलोज्यूल काम करावं लागतं. पण खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा स्नायू पेडलपर्यंत पोचवतात, बाकीची उष्णता होते आणि घाम गाळून ती शरीराबाहेर घालवावी लागते. त्यामुळे १०० मीटर चढाईला साधारण १०० किलोकॅलरी अन्न खर्ची पडतं. दिवसात हजार मीटर चढलात तर हजार किलोकॅलरी नुसत्या उंचीपायी गेल्या, रस्ता कापायला लागल्या त्या वेगळ्या.

माथ्यावर ही मेहनत साठलेली असते हे अगदी खरं. उतारावर ती वेगाच्या रूपात परत येऊ लागते आणि तिथेच हवा आडवी येते. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की अडसर चौपट. त्यामुळे पहिल्या काही सेकंदांनंतर उताराची बहुतेक कमाई हवा बाजूला ढकलण्यातच संपते. उरलेली ब्रेकमध्ये जाते. उतार सरळ लांब असता आणि पुढे मोकळा सपाट रस्ता असता, तर त्या वेगावर पुष्कळ पुढे जाता आलं असतं. इथे उताराच्या तळाशी काटकोनातलं वळण, गावाची वाडी, रस्त्यात बसलेली गुरं, नाहीतर जेट्टीचं फाटक असतं. साठवलेलं सगळं तिथे ब्रेक दाबून टाकून द्यावं लागतं आणि पुढचा चढ शून्यावरून सुरू होतो.

वेळेचा हिशेबही असाच फसवतो. पाच किलोमीटर चढ ताशी ८ च्या वेगाने आणि पाच किलोमीटर उतार ताशी ३० च्या वेगाने केला, तर सरासरी १९ येईल असं वाटतं. येते साडेबाराच्या आसपास, कारण चढावर तुम्ही साडेसदतीस मिनिटं घालवता आणि उतारावर फक्त दहा. तुम्ही दुपारऐवजी अंधारात पोचलात, त्याचं हेच कारण.

म्हणून रेवस ते रेडी आखताना किलोमीटर बाजूला ठेवा आणि खाड्या मोजा. सागरी महामार्ग पाचशे किलोमीटरच्या वर भरतो. सपाटीवर दिवसाला शंभर किलोमीटर करणाऱ्याने इथे साठ-पासष्टच धरावेत, आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्त मोठ्या खाड्या ठेवू नयेत. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० ते १९८२ च्या काळात, या किनारी रस्त्याची कल्पना पुढे आली. आजही तो सलग नाही. कुठे रुंद डांबरी, कुठे एका गाडीपुरता, आणि काही खाड्यांपाशी थेट पाण्यात संपणारा.

हे ऐकून बेत बदलू नका. मला या रस्त्याबद्दल जे मनापासून वाटतं ते आता सांगतो. तुम्हाला थकवणारा प्रत्येक चढउतार हाच या प्रवासाचा गाभा आहे. रान, समुद्र आणि इतिहास पाहायला इथे तीन दिशांना जावं लागत नाही. एकाच चढात तिन्ही भेटतात.

माथ्यावरचा सडा पहिल्यांदा ओसाड वाटतो. झाड नाही, सावली नाही, उन्हात तापलेला कातळ. पण याच कातळावर रत्नागिरी, लांजा, राजापूर या तालुक्यांत माणसाने कोरलेली शेकडो चित्रं आहेत. हत्ती, वाघ, मासे, माणसं, आणि अजून उलगडा न झालेल्या चौकोनी नक्ष्या. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, रुंढे तळी इथलीही कातळशिल्पं पाहण्यासारखी. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. ज्यांनी ती कोरली ते लोकही हाच चढ चढून इथे आले होते. सडा किती सपाट आहे याची आजची खूण हवी असेल, तर रत्नागिरीचा विमानतळ आणि सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ पाहा. दोन्ही सड्यावरच आहेत.

सड्याच्या कडेवरून खाली उतरू लागलात की रान सुरू होतं. ऐन, किंजळ, मध्येच एखादी देवराई, जिथे कोयता लावायचा नाही असा गावाचा दंडक आहे. मग काजू आणि हापूसच्या बागा. उतारावर वेग आवरावा लागतो याचा एक फायदा असा की धनेशाचा आवाज ऐकू येतो. मोठं, सलग जंगल हवं असेल तर उत्तरेला मुरूडजवळचं फणसाड अभयारण्य गाठा. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. तिथे शेकरू दिसतं. सुपेगावच्या बाजूने जायला रस्ता आहे. मुक्काम करायचा असेल तर वनखात्याकडे आधी चौकशी करा.

आणि तळाला खाडी. इथे थोडं रेंगाळायला हवं. आपण आज कोकणाकडे उत्तर-दक्षिण बघतो, कारण महामार्ग तसा जातो, रेल्वे तशी जाते. पूर्वी कोकण पूर्व-पश्चिम जगत होतं. गलबतं भरतीबरोबर खाडीतून आत येत, माल उतरवत, आणि तिथून बैलांचे तांडे घाट चढून देशावर जात. दाभोळच्या खाडीतून चिपळूण, चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाड. जैतापूरच्या खाडीतून राजापूर, तिथून अणस्कुऱ्याने कोल्हापूर. उत्तर-दक्षिण जायचं तर जमिनीवरून कोण जाईल? त्यासाठी समुद्र होता. अगदी विसाव्या शतकातसुद्धा मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरं घेत गोव्याकडे जाई. तुम्ही सायकलवर ज्या दिशेने जाता, ती या भूमीच्या जुन्या रहदारीला आडवी दिशा आहे. दमछाक होते ती त्यामुळेच.

खाडीचं मुख ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती घाटापर्यंतचा व्यापार. म्हणून प्रत्येक मोठ्या खाडीच्या तोंडावर किल्ला आहे : कोर्लई, बाणकोट, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग. रेवदंड्याला पोर्तुगिजांच्या कोटाच्या भिंती आजही माडांच्या वाड्यांतून उभ्या आहेत. शेजारच्या चौलला पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी उतरला होता. खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली काही कुटुंबं आजही घरात बोलतात. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग आहे, तो १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून घेतला. पुढच्याच वर्षी विजयदुर्ग पडला, आणि तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. मराठी आरमार आपल्याच हातांनी मोडण्याची ही गोष्ट विजयदुर्गापाशी, वाघोटणच्या मुखाशी उभं राहून आठवली की मन खिन्न होतं. मालवणचा सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसायादीत घेतले, त्यांतले चार, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग, तुमच्या वाटेवर आहेत.

आता थोडी तयारी. उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. हिवाळ्यात दुपारी खारे वारे बहुतेक वायव्येकडून येतात, ते तुमच्या पाठीशी राहतील. मागे ३४ दात्यांची तरी कॅसेट असू द्या. पसरणीला चालणारे गिअर इथे सामानासकट कमी पडतात. वजन पाठीवर न घेता कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पॅनिअरमध्ये, शक्य तितकं खाली ठेवा. उतारांवर जांभ्याची बारीक लाल खडी पसरलेली असते, वळणावर पुढचा ब्रेक करकचून दाबू नका. निघण्यापूर्वी ब्रेकचे पॅड नवे घाला आणि एक जोडी जवळ ठेवा. सड्यावर जाण्याआधी खालच्या गावात दोन-तीन लिटर पाणी भरून घ्या, वर मिळेल या भरवशावर राहू नका. ओहोटीच्या घट्ट वाळूवरून, विशेषतः गुहागरच्या लांब पुळणीवर, सायकल सुरेख पळते. फक्त त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने ती धुवा आणि चेनला तेल द्या, नाहीतर मीठ चार दिवसांत चेन खाऊन टाकेल.

मालवणच्या आसपास बेसॉल्ट संपतो, त्याहून कितीतरी जुने खडक सुरू होतात. तिथेही चढ आहेत, पण तोवर तुमचे पाय तयार झालेले असतील.

प्रश्न : खाड्यांवरच्या फेरीबोटींत सायकल नेता येते का? आणि आता सगळीकडे पूल होणार असं ऐकतो, मग थांबावं का?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : नेता येते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या चारही ठिकाणी गाड्या चढवणाऱ्या बोटी आहेत, लोक त्यांना जंगलजेट्टी म्हणतात. सायकलचं तिकीट किरकोळ असतं. मुंबईहून निघायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, शहराची सगळी गर्दी त्यामुळे टळते. दक्षिण टोकाला तेरेखोलची खाडी ओलांडली की केरीला तुम्ही गोव्यात असता. निघण्यापूर्वी शेवटच्या फेरीची वेळ गावात विचारून घ्या. दिवे लागणीनंतर बोट चुकली तर वळसा बराच पडतो, आणि तो पुन्हा सड्यावरून.

बोटीचा उपयोग पार होण्यापुरता नाही. दोन चढांच्या मध्ये मिळणारी ही बसायची जागा आहे. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, शाळेची मुलं, दुचाकीवरून मुंबईहून गावी निघालेला चाकरमानी, सगळे त्या बोटीत शेजारी उभे असतात आणि सायकल पाहून आपण होऊन बोलायला लागतात. पुढचा रस्ता कुठे उखडला आहे, कोणाकडे जेवण मिळेल, हे तिथे जितकं नेमकं कळतं तितकं कुठल्याही नकाशात नसतं.

पुलांची कामं काही खाड्यांवर हाती घेतलेली आहेत. ते व्हायला हवेत. रात्री आजारी माणसाला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं असेल तर जेट्टीवर उजाडायची वाट बघणं म्हणजे काय, हे खाडीकाठच्या माणसांनाच विचारावं. प्रवाशाच्या हौसेसाठी त्यांनी थांबू नये. तुम्हीही थांबू नका, येत्या हिवाळ्यातच जा. पुलावर थांबून पाणी पाहता येईल, पण पाण्याच्या पातळीवरून जयगडचा बुरूज हळूहळू वर येताना दिसतो, ते फक्त बोटीतूनच.

प्रश्न : पावसाळ्यात गेलं तर?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : जून-जुलैत नको. जांभ्याच्या चढांवर शेवाळ धरतं, उतारावर चाक सरकतं, आणि वादळी हवेत बोटी बंद राहतात. पण ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, पाऊस उघडीप देऊ लागला की तोच ओसाड सडा तेरडा, गेंद आणि निळ्या सीतेच्या आसवांनी भरून जातो. मातीचा थर बोटभरसुद्धा नसलेल्या कातळावर हे सगळं उगवतं आणि काही आठवड्यांत संपतं. सगळा किनारा करायच्या भानगडीत पडू नका. रत्नागिरीत मुक्काम ठेवून रोज एक सडा करा : एक दिवस आरे-वारेच्या बाजूने मालगुंडपर्यंत, एक दिवस भाट्ये, पावस, पूर्णगड. फुलं पाहायची तर सायकल रस्त्यावरच ठेवा आणि कातळावर जपून पावलं टाका. कातळशिल्पांवर तर चाक किंवा बूट कधीच नको, पावसात ती पाण्याखाली असतात आणि चटकन ओळखू येत नाहीत. गावातल्या कुणाला तरी बरोबर घ्या.